उंबर, औदुंबर आणि उंबरा

एका वाचकाने विचारले आहे की उंबर आणि औदुंबर ही दोन वेगळी झाडे आहेत का, आणि दाराच्या उंबऱ्याचा या झाडाशी काही संबंध आहे का. त्यांच्या घरी परसातल्या झाडाला उंबर म्हणतात, दत्तमंदिराच्या पाराजवळ उभा असतो तो मात्र औदुंबर, आणि दोन्हींची पाने तर सारखीच दिसतात.

पाने सारखी दिसतात, कारण झाड एकच आहे. संस्कृतातला मूळ शब्द 'उदुम्बर'. प्राकृतात त्यातला मधला 'द' गळतो आणि उरतो तो आपला 'उंबर'. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात हा लोप एका सूत्रात नोंदवला आहे, म्हणजे 'उंबर' हा शब्द बोलीत झिजून अलीकडे तयार झालेला नव्हे, त्याचे वय चांगलेच जुने आहे. गोव्यात आणि तळकोकणात याच झाडाला 'रुंबड' म्हणतात.

'औदुंबर' हे मुळात झाडाचे नावच नाही. ते विशेषण आहे: उदुंबराचा, उदुंबराच्या लाकडाचा. सोमयागाच्या मंडपात रोवल्या जाणाऱ्या उंबराच्या खांबाला 'औदुंबरी' म्हणत, ते याच अर्थाने. आयुर्वेदात 'औदुंबर कुष्ठ' म्हणजे पिकल्या उंबरासारखा तांबूस रंग येणारा त्वचारोग. मराठीत मात्र हे विशेषण थेट झाडालाच चिकटले, आणि त्यात दत्तसंप्रदायाचा वाटा मोठा आहे. गुरुचरित्राच्या एकोणिसाव्या अध्यायात औदुंबराचे माहात्म्य आहे, आणि सांगली जिल्ह्यात भिलवडीसमोर कृष्णाकाठी असलेल्या दत्तक्षेत्राचे नावच औदुंबर आहे. त्यामुळे आज प्रदक्षिणा औदुंबराला घातली जाते, पण कोवळ्या फळांची भाजी होते ती उंबराची. गालगुंडावर लावतात तो चीक उंबराचा आणि मुळातून झिरपणारे, गोवर-कांजिण्यांत थंडाव्यासाठी दिले जाणारे पाणीही उंबराचेच. 'औदुंबराची भाजी' असे कोणी म्हणाल्याचे मी तरी ऐकलेले नाही. झाड तेच असले तरी स्वयंपाकघरातला शब्द निराळा आणि पारावरचा निराळा. लिंगाचीही एक गंमत आहे: झाड तो उंबर, फळ मात्र ते उंबर, म्हणून अंगणात 'उंबरे' पडतात.

क्वचितच दर्शन देणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो, तेही याच ओघात पाहण्यासारखे आहे. पिकलेले उंबर बोटांनी उकलून पाहिले तर आतल्या भिंतीवर दाटीने बसलेले बारीक तंतू दिसतात आणि चिलटांसारखे इवले कीटक भुर्रकन उडतात. ते तंतू म्हणजेच फुले. आपण ज्याला फळ म्हणतो ती फुलांची बंद पिशवी आहे आणि तिच्या टोकाच्या बारीक छिद्रातून शिरणारे कीटक परागण करतात. फूल असते, पण बाहेरून कधीच दिसत नाही. अमरकोशात उदुंबराला 'जन्तुफल' असे नाव दिले आहे, म्हणजे कोशकारानेही उंबर फोडून पाहिले होते तर!

आता उंबरा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दाराच्या खालच्या आडव्या लाकडाला 'उदुम्बर' हाच शब्द येतो, तेव्हा झाडाचे आणि दाराचे नाव संस्कृतातही एकच होते. उंबरा उंबराच्या लाकडाचा करत म्हणून हे नाव पडले, असे हौसेने सांगितले जाते. मला ते पटत नाही. उंबराचे लाकूड हलके असते, ते टिकते पाण्याखाली, विहिरीच्या कामात. रोज पायदळी येणाऱ्या जागी ते बसवण्याचे काही कारण दिसत नाही. योगायोग मात्र मजेचा आहे: नृसिंहाने हिरण्यकशिपूला मारले ते उंबऱ्यावर, आणि नखांचा दाह शमवण्यासाठी ती खुपसली ती उंबराच्या फळांत.

लिहिताना या दोन शब्दांत घोटाळा होतो तो सामान्यरूपाचा. झाड 'उंबर', म्हणून 'उंबराखाली', 'उंबराची साल'. दाराचा तो 'उंबरा', म्हणून 'उंबऱ्यावर', 'उंबऱ्याबाहेर'. 'उंबराबाहेर पाऊल टाकले' असे छापलेले दिसते, तेव्हा ते पाऊल झाडाच्या सावलीतून बाहेर पडलेले असते.