वाचकांचे प्रश्न : पंखांना बिजागरी कशासाठी?

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत गोव्यात दाबोळीजवळचे नौदलाचे विमान संग्रहालय पाहिले. तेथील सी हॉक आणि अलिझे या विमानांचे पंख दुमडता येत असत, सी हॅरियरचे मात्र नाही, असे समजले. हवेत ज्या पंखांवर विमानाचा सारा भार असतो, त्यांनाच बिजागरी बसवणे धोक्याचे नाही का? आणि सी हॅरियरला ती का लागली नाही?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपली शंका रास्त आहे. पंख अखंड असणे केव्हाही चांगले. तो तोडून बिजागरीने जोडावा लागतो तो केवळ जहाजापायी. विमानवाहू नौकेवर विमाने डेकवर दाटीवाटीने उभी करावी लागतात आणि लिफ्टने खालच्या हँगरमध्ये न्यावी लागतात. त्यामुळे जमिनीवरून उडणाऱ्या विमानाच्या बाबतीत कोणी विचारातही घेत नाही असे एक माप, म्हणजे लिफ्टची रुंदी, नौदलाच्या विमानाचा आकार ठरवू लागते.

उडताना पंखाला वरच्या दिशेने वाकवणारा जोर टोकाशी जवळजवळ शून्य असतो आणि धडाकडे येता येता वाढत जाऊन धडाच्या जोडापाशी सर्वाधिक होतो. म्हणून बिजागरी टोकाकडे सरकवली तर तिच्यावरचा ताण कमी होतो आणि ती हलकी करता येते. पण तितकीच रुंदीची बचतही घटते. या ओढाताणीतून प्रत्येक विमानाचा रचनाकार आपापली जागा निवडतो. आपल्या नौदलाच्या मिग-२९के विमानाचा पंखविस्तार सुमारे १२ मीटर असून पंख दुमडल्यावर तो ७.८ मीटर होतो. दुसऱ्या महायुद्धातील जपानी झीरो विमानात तर दोन्ही टोकांची केवळ अर्धा-अर्धा मीटर लांबी दुमडत असे आणि १२ मीटरचे ११ मीटर होत; लिफ्टमध्ये मावण्यासाठी तेवढे पुरेसे होते.

आता धोक्याविषयी. पंख वर-खाली करणारी हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारी) यंत्रणा उड्डाणाचा भार पेलत नाही. पंख उलगडला की दोन्ही भागांच्या एकमेकांत बसणाऱ्या, भोके असलेल्या कानांमधून पोलादी पिना आरपार जातात. दाराच्या अडसरासारखे त्यांचे काम असते, आणि त्या मागे सरकू नयेत म्हणून त्यांनाही वेगळे कुलूप असते. ते पुरते बसले नसेल तर अनेक विमानांत पंखाच्या पृष्ठावर एक लाल खूण वर आलेली दिसते. कॉकपिटमधील दिवा फसवू शकतो, परंतु ही खूण डेकवरच्या माणसालाही डोळ्यांनी पाहता येते. माझ्या मते या संपूर्ण रचनेतील सर्वांत शहाणपणाचा भाग तोच आहे. या सोयीची किंमत वजनात मोजावी लागते, शिवाय विजेच्या तारा आणि हायड्रॉलिक नळ्या त्या वळणातून न्याव्या लागतात, हे वेगळेच.

पंख वर उभे करायचे की मागे वळवायचे, हे हँगरच्या उंचीवर अवलंबून असते. ब्रिटिश नौकांच्या काही हँगरांची उंची इतकी कमी होती की अमेरिकी कॉर्सेअर विमानांच्या वर दुमडणाऱ्या पंखांची टोके सुमारे २० सेंटिमीटर छाटावी लागली. त्याउलट ग्रमन कंपनीच्या वाइल्डकॅट विमानात पंख स्वतःभोवती फिरत मागे जाऊन धडाला समांतर चिकटतात. पक्षी पंख मिटतो तसे. ११.६ मीटरचे विमान त्यामुळे ४.४ मीटरमध्ये सामावले. हा तिरकस अक्ष नेमका कोठे असावा, ते लेरॉय ग्रमन यांनी खोडरबरात वाकवलेल्या पेपरक्लिपा खोचून शोधले होते. आजचे हॉकआय हे टेहळणी विमानही याच पद्धतीने पंख मिटते.

सी हॅरियरचा पंखविस्तार जेमतेम ७.७ मीटर होता, म्हणजे पंख दुमडलेल्या मिग-२९के इतकाच. त्यामुळे त्याला या उपद्व्यापाची गरजच नव्हती. लांबी कमी करण्यासाठी त्याचे नाक मात्र बाजूला वळवता येत असे. राफेलच्या नौदलासाठीच्या आवृत्तीचे, म्हणजे राफेल-एमचे, पंखही दुमडत नाहीत. त्यांचा विस्तार सुमारे १०.९ मीटर असल्यामुळे विक्रांतच्या लिफ्टमध्ये ते कसे बसवायचे, हा मुद्दा विमानाची निवड चालू असताना वारंवार चर्चेत आला होता.

प्रश्न : हेलिकॉप्टरची पातीही अशीच दुमडतात का?
— एक वाचक, कुलाबा, मुंबई

उत्तर : होय, पण येथे अडचण निराळी आहे. पाती मुळात सडपातळ असतात, आणि फिरताना केंद्रापासून बाहेर ओढणारा प्रचंड ताण त्यांच्या मुळाशी येतो. आपल्या परिसरातील आयएनएस शिक्रा या तळावरून उडणाऱ्या सी किंग हेलिकॉप्टरच्या रोटरचा, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राचा, व्यास जवळजवळ १९ मीटर आहे. त्याच्या पाच पात्यांपैकी एक शेपटीच्या दिशेला आणून थांबवतात, उरलेली चार मागे वळतात आणि शेपटीचा खांबही बाजूला दुमडतो. हे काम यंत्रणा स्वतः करते. चेतकसारख्या लहान हेलिकॉप्टरची पाती मात्र माणसे हाताने दुमडतात.

भारतीय बनावटीच्या ध्रुव हेलिकॉप्टरच्या बाबतीत हाच मुद्दा अडचणीचा ठरला. त्याचा रोटर, पाती फिरताना वर-खाली होऊ देणाऱ्या बिजागऱ्यांविना बनवलेला आहे, आणि उड्डाणात तो चपळ ठरतो त्याचे श्रेय बऱ्याच अंशी या रचनेलाच जाते. परंतु अशा रोटरमध्ये वाकवणारा ताणही पात्याच्या मुळाशी एकवटतो, आणि तेथेच दुमडण्याचा सांधा घालणे अवघड होते. जहाजांवरील छोट्या हँगरसाठी नौदलाला हवी तितकी कमी रुंदी मूळ रचनेतून मिळाली नाही. एका ठिकाणी उत्तम ठरलेली रचना दुसऱ्या ठिकाणी कशी आड येते, याचे आपल्याकडचे हे बोलके उदाहरण आहे.

प्रश्न : पंख दुमडलेल्या स्थितीत चुकून कोणी उड्डाण केले आहे का?
— एक विद्यार्थी वाचक, सांगली

उत्तर : केले आहे. १९६० मध्ये इटलीतील नेपल्स येथील धावपट्टीवरून एका अमेरिकी नौदल वैमानिकाने क्रुसेडर जेट विमान पंख दुमडलेले असतानाच उडवले. या विमानात केवळ पंखांची बाहेरची टोके वर दुमडत असत, आणि विमान कलते करणाऱ्या झडपा बिजागरीच्या आतल्या, स्थिर भागावर होत्या. त्यामुळे नियंत्रण वैमानिकाच्या हाती राहिले आणि विमान त्याच तळावर सुखरूप परतले.