आमच्या सात वर्षांच्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे असं डॉक्टर म्हणतात. सरकारकडून नेमकं काय मिळतं आणि सुरुवात कुठून करायची?

माझी लेक आता 19 वर्षांची आहे, तिलाही हेच आहे. आम्ही महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो, म्हणून इथलंच सांगते. तुम्ही सातव्या वर्षी विचारताय हे चांगलं केलंत. आम्ही पाच वर्षं उशिरा जागे झालो. सासूबाईंचं एकच पालुपद होतं, "उशिरा बोलेल गं, आमच्या घराण्यात सगळेच उशिरा बोललेत."

सुरुवात एकाच ठिकाणाहून करायची, दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटपासून. बाकी सगळं त्यातून फुटतं. स्वावलंबन कार्डाच्या पोर्टलवर मुलाचं आधार आणि फोटो लावून अर्ज करायचा, जिल्हा रुग्णालय निवडायचं आणि बोर्डाच्या, म्हणजे डॉक्टरांच्या तपासणी मंडळाच्या, दिवशी पावती घेऊन हजर व्हायचं. तपासणी झाली की सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र), दोन्ही ऑनलाइन निघतात. अर्जाला पैसे लागत नाहीत. रुग्णालयाच्या फाटकाशी "काढून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर पुढे चालायला लागा.

आता खरी गोष्ट. बोर्डाला जाताना मुलाला शिकवून नेऊ नका.

आम्ही 2019 साली गेलो तेव्हा लेक बारा वर्षांची होती. आदल्या रात्री मी तिच्याकडून नाव, गाव, आठवड्याचे वार सगळं घोकून घेतलं. इस्त्रीचा फ्रॉक, दोन वेण्या. जणू दाखवायलाच नेत होते. मानसशास्त्रज्ञ बाईंनी तिच्यापुढे लाकडी ठोकळे ठेवले, तिच्याशी थोडं बोलल्या आणि मग मलाच विचारत बसल्या. स्वतः जेवते का? बटणं लावते का? दुकानातून एखादी वस्तू आणते का? मी प्रत्येकाला "हो". बटणं ती लावायची, पण पहिलं मी काजात अर्धं घालून द्यायचे तेव्हा. दुकानात जायची, पण चिठ्ठी आणि मोजून पैसे मुठीत देऊन, आणि दुकानदार शेजारचेच. यातलं काहीच मी सांगितलं नाही. परक्या माणसासमोर आपल्या पोरीचं उणं काढायला जीभ रेटत नाही हो.

सर्टिफिकेट आलं 25 टक्क्यांचं. बौद्धिक अक्षमतेत टक्के एकेक करून वाढत नाहीत, ठरलेले टप्पे असतात: 25, 50, 75, 90 आणि 100. आणि बहुतेक सगळ्या योजनांची दारं 40 ला उघडतात. म्हणजे माझ्या "हो, हो"ने पोरगी सगळ्यातून बाहेर. पुन्हा तपासणी होऊन 50 चं मिळेपर्यंत दीड वर्ष गेलं, त्यात कोविड आला. दुसऱ्या वेळी मी वहीत लिहूनच नेलं होतं: काय एकटी करते, काय सांगितल्यावर करते, काय मला हात लावावा लागतो. तुम्हीही तसंच करा. खोटं काही सांगायचं नाही, फक्त झाकायचं नाही. मन खातं, पण ही मदत मागायची तर पोराला काय येत नाही हेच सांगावं लागतं.

लहान वयातलं सर्टिफिकेट कायमचं नसतं. पाच, दहा आणि अठराव्या वर्षी नवं करायचं असतं, अठराचं मग जन्मभर चालतं. 2024 पासून कार्डाला रंग आलेत: 40 च्या आत पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 पासून पुढे निळं.

मुलगा लहान आहे म्हणून जिल्हा रुग्णालयातल्या लवकर निदान आणि उपचार केंद्राची, म्हणजे डीईआयसीची, चौकशी आजच करा. स्पीच थेरपी, फिजिओ तिथे फुकट असते. रोज जाणं जमत नाही हे मला ठाऊक आहे. आम्ही महिन्यातून दोनदा जायचो आणि थेरपीच्या बाईंनी दाखवलेलं घरी करायचो. शाळेचं म्हणाल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वयापर्यंत शिक्षण मोफत आहे, जवळच्या साध्या शाळेत नाहीतर विशेष शाळेत, निवड तुमची. साध्या शाळेने "आमच्याकडे सोय नाही" म्हटलं तर ते लेखी मागा. लेखी मागितलं की सूर बदलतो, अनुभव आहे.

पैशांचं. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कचेरीत असतो. दिव्यांगांना दरमहा 1,500 मिळायचे, 2025 साली ते 2,500 करायचा निर्णय झाला. पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 50,000 च्या आत हवं. म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास! रोजंदारीवर जाणारं घरसुद्धा त्यात बसत नाही. या अटीवर मी आमच्या तलाठ्याशी एकदा भांडले, तो बिचारा म्हणाला, "ताई, मी कुठे केलीय?" आम्ही बसलो नाही. तुम्ही बसत असाल तर सोडू नका.

नोकरी असेल तर पगाराच्या स्लिपवर व्यवसाय कर बघा: दरमहा 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. बौद्धिक अक्षम मुलाच्या आईवडिलांना महाराष्ट्रात तो माफ आहे. माझ्या मिस्टरांचा तो कितीतरी वर्षं कापला गेला, कारण ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं आणि आम्हालाही. जुन्या करप्रणालीत इन्कम टॅक्सला 75,000 ची वजावट आहे, 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000. ग्रामपंचायत असो की महापालिका, स्वउत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. आमच्या ग्रामपंचायतीने तो शेवटी एका कार्यक्रमाच्या मांडवावर दाखवला, तेव्हा ग्रामसभेत जाऊन विचारत राहा. एसटीत 75 टक्के सवलत आहे. रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीलाही 75, आणि सोबत जाणाऱ्यालाही तेवढीच.

निरामय मात्र आवर्जून काढा. हा केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचा आरोग्य विमा. वर्गणी काहीशे रुपये, संरक्षण एक लाखाचं, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि मुख्य म्हणजे थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत धरतात. बहुतेक दुसरे विमे थेरपीला विचारत नाहीत. पैसे आधी आपण भरायचे, मग बिलं लावून परत मिळतात, तेव्हा प्रत्येक पावतीवर शिक्का आणि सही घेत जा. दरवर्षी नूतनीकरण करायचं विसरू नका.

तुम्हाला अजून अकरा वर्षं आहेत, पण एक तारीख आत्ताच कॅलेंडरमागे लिहून ठेवा: मुलाचा अठरावा वाढदिवस. लेक अठराची झाली आणि पुढच्याच महिन्यात बँकेने तिचं खातं थांबवलं. क्लार्क नम्र होता. म्हणाला, "मॅडम, आता त्या सज्ञान आहेत, त्यांची सही लागेल." सही म्हणून लेकीने कागदावर एक मोठं फूल काढलं. मी आई आहे म्हटलं, तर तो म्हणाला, कायद्याने आता तुम्ही पालक नाही. बरोबरच होतं त्याचं. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती देते, कोर्टात जावं लागत नाही, वकीलही नको. आईवडील दोघांनी मिळून अर्ज करता येतो. आमचं काम सात महिन्यांत झालं. तोवर खात्यातले पैसे तसेच पडून. तुम्ही अठराव्याच्या आधीच कागद जमवून ठेवा.

अठरानंतर पुढे काय, याचं उत्तर सरकारकडे जवळजवळ नाही. विशेष शाळा संपते. काही ठिकाणी कर्मशाळा आहेत, निवासी जागा त्याहून कमी, आणि आमच्यानंतर तिला कोण बघणार हा प्रश्न कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो. लेक सध्या एका कर्मशाळेत कागदी पिशव्या चिकटवायला जाते. महिन्याचं मानधन 300 रुपये, व्हॅनचं भाडं 1,200. हिशेब तुमच्या लक्षात आला असेलच. सकाळी साडेनऊला व्हॅनचा हॉर्न वाजला की ती चपला उलटसुलट घालून फाटकाशी उभी असते, आणि वरचं बटण अजून मलाच लावावं लागतं.