एकाच वायफायवर असूनही दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरवरचं शेअर केलेलं फोल्डर का उघडत नाही?

ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे, त्याचं नेटवर्क प्रोफाइल आधी ‘पब्लिक’वरून ‘प्रायव्हेट’ करा; पब्लिकवर विंडोजची फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारी सुरक्षा) फाइल शेअरिंगचा ४४५ पोर्ट, म्हणजे त्यासाठीची वाट, सहसा बंद ठेवते, म्हणून इंटरनेट चालतं पण फोल्डर उघडत नाही. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नावाऐवजी थेट त्याचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) टाकून बघा, उदा. \\१९२.१६८.१.५. तसं उघडलं, तर अडचण फक्त नाव सापडण्यात आहे. मग ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ (कॉम्प्युटर एकमेकांना नेटवर्कवर दिसू देणारी सेटिंग) चालू करा. पासवर्ड मागितला तर पिन टाकू नका, तो नेटवर्कवरून चालत नाही. खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि पासवर्डच नसलेलं खातं विंडोज बाहेरून आत घेत नाही. इथेच बरेच जण अडकतात. मात्र एखादा कॉम्प्युटर राउटरच्या गेस्ट वायफायवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) असेल, तर आधी तो मुख्य वायफायवर आणा.