एका भुलीत दोन शस्त्रक्रिया कराव्यात का?

प्रश्न : माझ्या मुलाचे वय १९ आहे. त्याची छाती जन्मापासून मध्यभागी खोलगट आहे. गेल्या वर्षभरात त्याच्या उजव्या फुफ्फुसावरचा हवेचा फुगा दोनदा फुटला, म्हणून तो काढण्याचा सल्ला मिळाला आहे. त्याच वेळी छातीचा खड्डाही दुरुस्त करून घ्यावा का?

उत्तर : दोन्ही शस्त्रक्रिया एका भुलीत करता येतात आणि निवडक रुग्णांमध्ये त्या केल्याही जातात. मात्र हा निर्णय छातीच्या आकारावर कमी आणि फुफ्फुसाच्या अवस्थेवर अधिक ठरतो. खोलगट छातीसाठी १९८७ मध्ये डॉ. डोनाल्ड नस यांनी सुरू केलेल्या पद्धतीत उरोस्थीच्या (छातीच्या मधोमध असलेल्या हाडाच्या) मागून वाकवलेली धातूची पट्टी सरकवून ती उलटवतात, त्यामुळे खड्डा पुढे उचलला जातो. ही पट्टी साधारण दोन ते तीन वर्षे आतच राहते. म्हणूनच फुफ्फुसात पू किंवा चालू जंतुसंसर्ग असेल, तर त्याच दिवशी पट्टी बसवणे मला धोक्याचे वाटते. धातूवर जंतूंनी एकदा ठाण मांडले की ते औषधांना सहसा दाद देत नाहीत, आणि मग पट्टीच काढावी लागू शकते. आपल्या मुलाला संसर्ग नसेल, तर हा मुख्य अडसर दूर होतो.

एकत्र करायचे ठरल्यास फुफ्फुसाचे काम आधी उरकणे सोयीचे असते. फुगा कापून टाके घातल्यावर छातीत सलाइन ओततात, फुफ्फुस हळूहळू फुगवतात आणि बुडबुडे येतात का ते पाहतात. बुडबुडे नाहीत, म्हणजे हवेची गळती नाही अशी खात्री झाल्यावरच पट्टीकडे वळावे.

खड्ड्याची दुरुस्ती खरोखर आवश्यक आहे का, हेही तपासून घ्या. सीटी स्कॅनवर छातीची आतली रुंदी भागिले उरोस्थी व मणक्यातील सर्वांत कमी अंतर, हे गुणोत्तर सुमारे ३.२५ च्या वर गेल्यास खड्डा गंभीर मानतात. पण मुलाला दम लागतो का आणि हृदयावर दाब येतो का, हे त्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. पट्टीनंतरची वेदना फुगा काढण्याच्या वेदनेहून बरीच जास्त असते आणि दुखते म्हणून मुलगा खोल श्वास घेईनासा झाला, तर शस्त्रक्रिया झालेले फुफ्फुस नीट फुलत नाही, त्यामुळे वेदनाशमनाची योजना आधीच विचारून ठेवा. शस्त्रक्रियेदरम्यान गळती थांबली नाही, तर पट्टी पुढे ढकलणार का, हेही सर्जनना स्पष्ट विचारा.