फॅलो हरणं नव्या मुलखात किती लांबवर जातात?

तुमचा प्रश्न असा: इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोक परगण्यातल्या तुमच्या गावात याआधी कधी न दिसलेली फॅलो हरणं या हिवाळ्यात शेतांत दिसू लागली आहेत. ती किती लांबून आली असतील, आणि पुढे पसरत जातील का?

थोडक्यात सांगायचं तर बहुधा जवळूनच आली आहेत. मी शेजारच्या एसेक्समध्ये राहतो आणि हरणांच्या मोजणीला स्वयंसेवक म्हणून जातो. या प्राण्यावर माझा फार जीव आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

फॅलोची मादी जागा सहजासहजी सोडत नाही. चांगलं रान आणि त्याला लागून गवत किंवा पीक असेल, तर वर्षभराचा तिचा वावर साधारण एखाद-दोन चौरस किलोमीटरमध्ये आटपतो. तिची मुलगीही मोठी होऊन तिथेच राहते, म्हणजे या कुळात मुलींचं माहेर कधी सुटतच नाही. दीड-दोन वर्षांचे झाले की आईपासून दूर जातात ते नर. प्रौढ नरांचा फेराही मोठा असतो. वर्षाचा बराच काळ ते आपापल्या टोळ्या करून वेगळ्या रानात राहतात आणि ऑक्टोबरमध्ये माजाच्या दिवसांत माद्यांच्या जागी परततात. या ये-जा करण्यात काही किलोमीटरचं अंतर सहज कापलं जातं. पण एकटा नर कितीही लांब गेला तरी त्याने नवी वस्ती होत नाही. मादी सरकली तरच मुलूख वाढतो, आणि ती सरकते ती शेजारच्या रानापर्यंत. तिथून पुढच्या रानापर्यंत जायला कधी कधी पुढची पिढी यावी लागते.

आकड्यांतही हेच दिसतं. १९७२ ते २००२ या काळात ब्रिटनमध्ये हरणांचे मुलूख किती वाढले याचा हिशोब झाला आहे. मुंटजॅक, म्हणजे आपल्या भेकराचा चिनी भाऊबंद, वर्षाला सुमारे ८ टक्क्यांनी पसरला. फॅलोचा वेग २ टक्क्यांच्याही आत राहिला. मुंटजॅक एकटादुकटा राहतो, झुडपात लपतो, बागेतही जगतो. फॅलोला कळप लागतो आणि कळपाला पुरेल एवढी जागा लागते.

मग इतकं मंद चालणारं जनावर जगभर कसं पोहोचलं? माणसाने नेलं म्हणून. हिमयुगात ते तुर्कस्तान आणि दक्षिण बाल्कनच्या आसपास तगून राहिलं होतं. रोमनांनी ते ब्रिटनमध्ये आणलं, त्यांच्यामागे ते इथून नाहीसं झालं, आणि अकराव्या शतकात नॉर्मनांच्या काळात पुन्हा आलं. पुढे ते जहाजांतून टास्मानियाला गेलं, न्यूझीलंडला गेलं, कॅरिबियन समुद्रातल्या बार्बुडा बेटावरसुद्धा गेलं. अँटिग्वा आणि बार्बुडा या देशाचा राष्ट्रीय प्राणी आज फॅलो हरीण आहे! त्याच्या स्वतःच्या पायांवर सोडलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं.

तुमच्या गावाचं उत्तरही याच इतिहासात आहे. १३०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये सरदारांची आणि मठांची मिळून तीन हजारांच्या आसपास हरीणपार्क, म्हणजे हरणं राखायची कुंपणबंद रानं, होती. खंदक, बांध आणि वर ओकच्या फळ्यांचं कुंपण अशी त्यांची रचना असे. १६४२ नंतरच्या यादवी युद्धात त्यांतली कितीतरी कुंपणं मोडली, आणि दोन्ही महायुद्धांच्या काळात डागडुजीला माणसं न उरल्याने पुन्हा तेच झालं. हरणं बाहेर पडली खरी, पण तिथेच आसपास राहिली. आजही फॅलोच्या नोंदींचा नकाशा जुन्या पार्कांच्या नकाशाशेजारी ठेवला तर दोन्ही बऱ्याच ठिकाणी जुळतात. म्हणून तुम्ही आधी तुमच्या परिसराचे जुने नकाशे काढा आणि ‘पार्क’ असं लिहिलेली शेतं, वाड्या शोधा. हरणं पाळणारी एखादी शेतीही जवळ असू शकते. एक फाटक उघडं राहिलं किंवा वादळात कुंपणावर झाड पडलं, की एवढं पुरतं.

रंगावरूनही माग लागतो. आपल्याकडच्या माणसाला उन्हाळ्यातलं फॅलो पाहून चितळच आठवतं, तेच पांढरे ठिपके. नराची शिंगं मात्र टोकाला तळव्यासारखी पसरट. पण फॅलोमध्ये काळा, पांढरा आणि फिकट ठिपकेदार असेही प्रकार असतात. लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलातली हरणं काळ्या रंगासाठी ओळखली जातात, आणि तो वाण टिकावा म्हणून थेडन बॉइसजवळ कुंपणात एक कळप राखला आहे. श्रॉपशरच्या सीमेवरच्या मॉर्टिमर जंगलात लांब केसांची फॅलो आढळतात. तुमच्या कळपात पांढरी किंवा फिकट जनावरं बरीच असतील, तर ती एखाद्या पार्कातून सुटलेली असण्याची शक्यता मी जास्त धरेन.

२०२० च्या टाळेबंदीत लंडनच्या हॅरल्ड हिल वसाहतीत घरांपुढच्या हिरवळीवर बसलेल्या फॅलो हरणांचे फोटो सगळीकडे फिरले होते. ती हरणं शेजारच्या डॅगनम पार्कातलीच. वर्दळ थांबली आणि ती थोडी पुढे आली, इतकंच. ‘अचानक’ दिसणाऱ्या हरणांच्या बाबतीत असं पुष्कळदा होतं: ती जवळपास असतातच, पीक निघाल्यावर किंवा रानात माणसांची हालचाल बदलल्यावर उघड्यावर येतात. हिवाळ्यात पानं झडलेली असतात, कळपही मोठे होतात, त्यामुळे नजरेस पडतात.

पसरण्यापेक्षा मला दाटी वाढण्याची काळजी जास्त वाटते. एकाच रानात कळप फुगत गेला की कोवळी रोपं उरत नाहीत, जमिनीलगतची झुडपं जातात, आणि त्यांच्या आधाराने घरटी करणारे पक्षीही जातात. तुमच्या भागातल्या शेतकऱ्यांशी आणि जंगल राखणाऱ्यांशी आत्ताच बोलून ठेवा. संध्याकाळी गाडी चालवताना एक हरीण रस्ता ओलांडून गेलं तर लगेच वेग वाढवू नका, मागून आणखी येतात.

ही हरणं तुमच्याकडे राहणार का, हे येत्या उन्हाळ्यात कळेल. पाडसं जूनमध्ये होतात, एका मादीला सहसा एकच. जुलैत पाडसांसह माद्या दिसल्या तर कळप तिथे वसला असं धरा. फक्त दोन-चार तरुण नर फिरताना दिसले, तर ते पुढे निघून जाण्याचीही शक्यता आहे.