गुहागरला रात्री केळफुलावर येणारं मुठीएवढं वटवाघूळ कोणतं?

बहुधा आखूड नाकाचं फळवटवाघूळ, सायनोप्टेरस स्फिंक्स. कानांच्या कडा पांढऱ्या दिसल्या आणि उडताना पंखांतली बोटांची हाडं फिकट उठून दिसली, तर शंका नको. फक्त तपकिरी रंगावर जाऊ नका, रूसेटस हे दुसरं फळवटवाघूळही तपकिरीच असतं. पण त्याच्या कानांना पांढरी कड नसते आणि ते दिवसा गुहेत, जुन्या पडक्या वास्तूत राहतं. सायनोप्टेरस मात्र माडाच्या झावळ्यांत लपतं. वडावर शेकड्यांनी उघडी लटकतात ती मोठी वटवाघळं वेगळी, पंख पसरले की मीटरभराहून जास्त.

सकाळी झाडाखाली चोथ्याच्या गोळ्या, उंडीच्या झाडाच्या चघळलेल्या बिया शोधा. रात्री बॅटरीला लाल कागद लावा. पडलेलं पिल्लू दिसलं तरी उघड्या हातांनी उचलू नका, कृपया!