फोटो आहेत, नोंदी कशा ठेवू?

प्रश्न : कोंबडीच्या भ्रूणात जनुक कुठे व्यक्त होतं, याचे इन-सिटूचे (जनुक जिथे चालू आहे ती जागा रंगवून दाखवणाऱ्या पद्धतीचे) ३०० फोटो जमलेत. त्यांचा शोधता येईल असा डेटाबेस कसा करू?
– एम.एस्सी. विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : फाइलच्या नावात सगळी माहिती कोंबू नका. प्रत्येक फोटोला क्रमांक द्या आणि तक्त्यात जनुकाचा अधिकृत आयडी, प्रोबचा (जनुकाच्या आरएनएला चिकटून रंगाने दिसणाऱ्या तुकड्याचा) अक्षरक्रम, भ्रूणाच्या वाढीची अवस्था, अवयव आणि मोजपट्टी लिहा.

सर्वाधिक घोळ अवस्थेत होतो. ‘३६ तास’ एवढंच लिहू नका. कोल्हापुरातल्या एप्रिलच्या उकाड्यात अंडं उबवणयंत्राबाहेरच वाढू लागतं, म्हणून तास फसवतात. सोमाइट (भ्रूणाच्या पाठीत दोन्ही बाजूंना जोडीने येणारे ऊतींचे ठोकळे) मोजून हॅम्बर्गर-हॅमिल्टन (कोंबडीच्या भ्रूणवाढीचे क्रमांकित टप्पे, १९५१) अवस्था लिहा. सोमाइटच्या १० जोड्या म्हणजे अवस्था १०.

अवयवांची नावं ‘उबेरॉन’ या प्राण्यांच्या अवयवनामांच्या ठरीव यादीतूनच घ्या, नाहीतर ‘पाय’ आणि ‘मागचा अवयवांकुर’ वेगळे मोजले जातील. जनुक दिसलं नाही, तर तेही नोंदवा. रिकामी जागा म्हणजे ‘तपासलंच नाही’. मेंदूच्या पोकळीत प्रोब अडकून खोटा रंग येतो, तेव्हा सेन्स प्रोबचा (जनुकाच्या आरएनएला न चिकटणारा, तुलनेसाठीचा प्रोब) फोटो शेजारी हवाच. मूळ टिफ जपा, जेपेग फक्त दाखवायला.